हाकेतला कुत्रा

दिवाळीचे फटाके सुरू झाले की रोह्यातल्या आमच्या घराच्या ओटीवर, बाकाखाली, एक पाहुणा येऊन बसतो. पाहुणा म्हणजे आमच्या आळीतलाच एक कुत्रा. कान गावठी, शेपटी वळलेली, रंग कुळथाच्या पिठासारखा. पण पाय पाहावेत तर लांबच लांब, छाती खोल आणि पोट पाठीला चिकटलेले. मुले त्याला 'उपाशी' म्हणतात. फराळाच्या ताटातली करंजी त्याला घातली, दूधभाकरी घातली, तरी तो आहे तसाच राहतो. तो उपाशी नाहीच मुळी. त्याचा बांधाच तसा आहे. त्याच्या अंगात माळावरचे रक्त आहे.

हे मला ओळखता येते याचे श्रेय एका कातकरी म्हाताऱ्याचे. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी पेण आणि रोहा यांच्यामधल्या डोंगरातील एका वाडीवर मुलांना शिकवायला जात असे. त्या वाडीवर हे बाबा राहत. वय सत्तरीच्या पुढे, दात दोन-चार आणि कुत्रा एक. कुत्र्याचे नाव सुकट. त्या नावात त्याचे सगळे वर्णन आले.

कुत्रा शिकार करतो ती दोन तऱ्हांनी. एक नाकाने, दुसरी डोळ्यांनी. नाकाने शिकार करणारा कुत्रा खाली मान घालून माग काढतो. डोळ्यांनी शिकार करणारा मान वर करून क्षितिज पाहतो आणि जनावर दिसले की तीर सुटावा तसा सुटतो. आपल्या महाराष्ट्राचा कारवानी कुत्रा या दुसऱ्या जातीचा. अरबस्तानातला सलुकी आणि विलायतेतला ग्रेहाउंड हे याच प्रकारचे. लांबट डोके, कडेला बसवलेले डोळे, मोठे हृदय मावेल अशी खोल छाती आणि कमानीसारखी लवणारी पाठ. असा कुत्रा भरधाव पळतो तेव्हा एका झेपेत दोनदा त्याचे चारी पाय अधांतरी असतात. एकदा अंग आखडलेले असताना आणि एकदा ताणलेले असताना.

हा कुत्रा घडला तो दख्खनच्या माळावर. तिथे त्याच्यासमोर ससा होता, कोल्हा होता आणि काळवीट होते. काळविटाला आपण हरीण म्हणतो खरे, पण शास्त्राच्या दृष्टीने ते सांबर-चितळांच्या कुळातले नव्हे. सांबराची शिंगे फांद्यांची, गळून पडणारी आणि पुन्हा उगवणारी. काळविटाची पीळदार आणि जन्माची. काळवीट भरवसा ठेवते पायांवर. त्याला गाठायचे तर कुत्र्यालाही पायांवरच भरवसा ठेवायला हवा. विसाव्या शतकाच्या आरंभी मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडर शिकाऱ्यांजवळचे हे कुत्रे पाहिले, त्यांची निगुतीने पैदास केली आणि एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांना नजर केली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्या मुधोळ कुत्र्याचे चित्र 2005 साली आपल्या टपाल तिकिटावरही आले.

शिकारी कुत्र्यांचे कौतुक त्याहूनही जुने. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाने मन रमवावे कशात, हे सांगताना त्याने कुत्र्यांसाठी एक प्रकरणच राखून ठेवले. आणि साताऱ्याचे शाहू महाराज तर या बाबतीत सर्वांवर ताण करतात. शिकारीत वाघापासून आपला जीव वाचवला म्हणून त्यांनी आपल्या लाडक्या कुत्र्याला जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला, असे ग्रँट डफने 1826 साली छापलेल्या आपल्या इतिहासात नमूद केले आहे. एकदा तर दरबारात त्याला भरजरी वस्त्रे घालून स्वतःची पगडीही त्याच्या डोक्यावर ठेवली, असेही तो सांगतो. साहेबाने हे सांगितले ते महाराजांच्या वेडाचे उदाहरण म्हणून. मला त्यात वेड कमी आणि कृतज्ञता जास्त दिसते. माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. तिच्यापुढे उभे राहिले तर तुम्हालाही तसेच वाटेल.

पण घाट उतरून आपण खाली आलो की सारा हिशोबच बदलतो. पेण-रोह्याच्या डोंगरात माळ आहे कुठे? ऐनाची, किंजळाची झाडी, करवंदीच्या जाळ्या, दगडांच्या घळी आणि पावसाळ्यात निसरडे झालेले ओहोळ. इथले जनावर म्हणजे सांबर आणि भेकर. ते दिसते ते दोन श्वासांपुरते. डोळ्यांवर विसंबणारा कुत्रा दहा झेपा घेतो, तोवर समोर नुसती हलणारी फांदी उरते. त्याची कातडी पातळ. करवंदीचे काटे ती टराटरा फाडतात. पाय लांब आणि नाजूक. ते खुंटांत अडकतात. म्हणजे माळावरचा राजा रानात आला की लंगडा भिकारी.

मग इथल्या शिकाऱ्यांनी काय केले? त्यांनी सोयरीक जमवली.

"दिवाळी झाली का धनगर उतरतो खाली," बाबा सांगत. "त्याच्यासंगं मेंढरं, घोडी नि कुत्रीबी." आजही कार्तिकात देशावरचे धनगर घाट उतरून कोकणात येतात, शेतांत मेंढरे बसवतात आणि पावसाच्या तोंडाशी परत जातात. त्यांचे राखणीचे कुत्रे बहुधा दणकट गावठी. पण एखाद्या वाड्यात कारवानी रक्ताची उंच कुत्री असे. तिची वाडीवरच्या गावठी कुत्र्याशी गाठ पडली की जी पिल्ले होत, त्यांतले एखादे भाताच्या पायलीवर ठेवून घ्यायचे. सुकटची आई अशीच एका वाड्यातली.

असा मिसळ कुत्रा चांगला कशाने ठरतो, हे मी बाबांना एकदा विचारले. त्यांनी बोटे मोजली.

पहिले बोट बांध्याचे. छाती आईची हवी, पण उंची आईची नको. माणसाच्या गुडघ्याच्या थोडा वर आला की पुरे. कातडी बापाची, पंजा मिटलेला, तळवा जाड. दुसरे बोट नाकाचे. जनावर दिसेनासे झाले की मिसळ कुत्र्याने मान खाली घालावी आणि नाकाने पुढचे काम उचलावे. जो नुसता उभा राहून इकडेतिकडे बघतो तो पुरता आईचाच. तिसरे बोट अकलेचे. कुत्री मागे लागली की सांबर पाण्यात शिरते आणि वळून उभे राहते. अडीचशे किलोच्या घरातला नर, त्याच्या एका लाथेत कुत्रा संपतो. अशा वेळी शहाणा कुत्रा अंगावर जात नाही. लांबून भुंकत राहतो आणि माणसाची वाट पाहतो. भेकर लहान खरे, पण नराच्या वरच्या जबड्यात सुळे असतात आणि त्यांनी तो कुत्र्याचे अंग चिरतो.

पैदाशीबद्दलही त्यांचा अनुभव पक्का होता. "पयली वीण बघून घ्यावी. दुसरी नशिबाची." शाळेत आपण मेंडेलचे वाटाणे शिकवतो ते हेच. पहिल्या पिढीत दोन्ही घराण्यांचे गुण एकत्र नांदतात. त्या पिढीची आपसात वीण झाली की गुण विखुरतात, आणि एका पिल्लाला पाय मिळतात तर दुसऱ्याला नाक. बाबांना मेंडेल ठाऊक नव्हता, पण वाटाणे मोजावेत तशी त्यांनी पिल्ले मोजली होती.

चौथे बोट मात्र त्यांनी मोजले नाही. "ते तुमाला सांगून नाय कळायचं, मास्तर," म्हणाले.

आता हे सांगायलाच हवे की माझ्या तिथल्या दिवसांत शिकार केव्हाच बंद झाली होती. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा येऊन पाव शतक लोटले होते. बाबांनी त्याआधीचे जग पाहिले होते. मुरूड-जंजिऱ्याच्या नबाबाचे फणसाडचे राखीव शिकारीचे रान रोह्यापर्यंत पसरलेले. तिथे पोरवयात ते हाकाऱ्यांत डबे बडवत गेले होते. 1948 साली संस्थान विलीन झाले, आणि 1986 साली तेच रान अभयारण्य झाले. नबाबाची शिकार हौसेची होती, कातकऱ्याची पोटाची. कायदा आला तेव्हा हौस सहज सुटली. पोटाला मात्र दुसरी वाट शोधावी लागली. बाबांनी ती वीटभट्टीवर शोधली.

इंग्लंडातही हे घडून गेले आहे. राजाच्या रानात गरिबाने ठेवलेल्या मोठ्या कुत्र्याच्या पुढच्या पायाची तीन नखे छाटावीत, म्हणजे त्याला हरणामागे धावता येणार नाही, असा तिथे रिवाज होता. 1217 सालच्या वनसनदेत त्याचे नियम आहेत. ग्रेहाउंड हा तर बड्यांचा कुत्रा. तेव्हा गरिबांनी त्याच्यात मेंढपाळाच्या कुत्र्याचे रक्त मिसळले आणि दिसायला साधा, पळायला तेज असा कुत्रा तयार केला, असे सांगतात. त्याला तिकडे लर्चर म्हणतात. धनगराची कुत्री आणि कातकऱ्याचा कुत्रा यांची सोयरीक ती हीच.

एका माघातल्या सकाळी मी बाबांच्या मागे लागलो. सुकटला एकदा पळताना दाखवा, एवढेच माझे म्हणणे. ते नको म्हणत होते. मी मास्तर, विशीतला, हट्टी. त्यांचा नातू माझ्या वर्गात. शेवटी ते उठले. दळीच्या वर, राबाच्या जागेपाशी, त्यांनी सुकटच्या गळ्यातली दोरी सोडली. आम्हाला वाटले ससा उठेल. उठले भेकर. मादी होती, आणि तिच्या मागे, उडी न जमणारे, ठिपक्यांचे पाडस.

सुकट सुटला. मी असे पळणे पुन्हा पाहिले नाही. मोकळ्या उतारावर तो आईचा होता, झाडीच्या कडेला बापाचा. पाडस दगडाशी अडखळले. दोघांमध्ये चार हातांचे अंतर उरले असेल.

बाबांनी जिभेने टाळूवर आवाज केला. दोनदा. मोठा नव्हे, बैलाला थांबवतात तसा. सुकटने पुढचे दोन्ही पाय मातीत रोवले. धूळ उडाली, तो घसरला, उठला आणि तिथेच उभा राहिला. त्याचे सारे अंग थरथरत होते. पाडस झाडीत गेले. मग तो मान खाली घालून परत आला आणि बाबांच्या पायांशी बसला.

"ह्ये चौथं," बाबा म्हणाले. नंतर बराच वेळ ते माझ्याशी बोलले नाहीत. उतरताना एकदाच म्हणाले, "कोनी बघितलं असतं, मास्तर, तर तुमाला कोनी पकडलं नसतं."

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. माझ्या हौसेपायी त्या माणसाने तुरुंगाची वाट धरली असती, आणि माझ्या नावाला डागही लागला नसता. नबाबाची हौस आणि माझी हौस यांत मला त्या दिवशी फारसा फरक दिसला नाही.

पुढे वाचनात आरियन आला. शिकंदराचा इतिहास लिहिणारा, आपल्या हिंदुस्थानावरही लिहिणारा हाच तो ग्रीक. दुसऱ्या शतकात त्याने वेगवान शिकारी कुत्र्यांवर एक पुस्तक लिहिले आहे. त्यात तो म्हणतो की ज्याला पोटासाठी शिकार करायची नाही, तो कुत्रे सोडतो ते शर्यत पाहण्यासाठी. ससा निसटला तर त्याला आनंदच होतो. आरियनला हे पोट भरलेले असताना सुचले. बाबांना ते भट्टीवरून परतल्यावर, अर्धपोटी, सुचले होते.

आज बाबा नाहीत, सुकटही नाही. मुधोळची आणि कारवानीची पिल्ले शहरांत विकत मिळतात आणि गच्चीवर साखळीला बांधली जातात. इकडे रानाच्या कडेला मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या भेकरांमागे लागतात. त्यांच्यातही कुणाचे पाय लांब असतात, कुणाचे नाक तीक्ष्ण असते. तीन बोटे भरतील एवढे गुण त्यांच्यात आहेत. त्यांना परत बोलावणारे मात्र कुणी नाही, कारण ती कुणाचीच नाहीत.

काल रात्री मोठा बार उडाला तेव्हा बाकाखालचा पाहुणा धडपडत उठला आणि रस्त्याकडे धावू लागला. समोरून मोटार येत होती. मला काय सुचले कोण जाणे, मी जिभेने टाळूवर आवाज केला. दोनदा. तो पायरीवर थबकला, वळून माझ्याकडे पाहिले. मग परत येऊन बाकाखाली बसला.

त्याला हे कुणी शिकवले असेल? मी त्याच्यापुढे आणखी एक करंजी ठेवली.