वारसा आणि अमूर्त वर्ग : एका संगणकीय संकल्पनेचा इतिहास

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या अध्यापनात ‘इनहेरिटन्स’ म्हणजे वारसा ही संकल्पना बहुधा श्रम वाचविण्याचे साधन म्हणून सांगितली जाते. मूळ वर्गात एकदा लिहिलेली आज्ञावली उपवर्गास आयती मिळते, हा तिचा पहिला लाभ मानला जातो. ‘ॲबस्ट्रॅक्ट क्लास’ अर्थात अमूर्त वर्ग मात्र मागाहून, निव्वळ व्याकरणनियम म्हणून येतो : ज्याची वस्तू निर्माण करता येत नाही असा वर्ग. वस्तूच होणार नसेल तर तो लिहावा कशासाठी, ही विद्यार्थ्याची शंका रास्त आहे. तिचे उत्तर या संकल्पनांच्या इतिहासात सापडते.

ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड हे प्रत्यक्ष व्यवहारांची संगणकीय प्रतिकृती करण्यासाठी सिम्युला ही भाषा घडवीत होते. पुलावरील टोलनाक्यापुढच्या रांगेत ट्रक असतात, तशा बसही असतात. रांगेला त्यांच्यातील भेदाशी कर्तव्य नसते. समान गुण एका वर्गात लिहून दोहोंस त्याचे उपवर्ग करावे, ही कल्पना १९६७ मध्ये ओस्लोजवळच्या परिषदेत मांडली गेली. सिम्युला ६७ मध्ये ‘व्हर्च्युअल’ कृतींचीही सोय होती. मूळ वर्गाने कृतीचे नाव द्यावे, ती कशी करावी हे उपवर्गाने ठरवावे. तयार मालमत्ता आणि पाळावयाची बांधिलकी अशा दोन गोष्टी वारशात आरंभापासूनच एकत्र आल्या त्या अशा.

हा भेद रायगडच्या किनाऱ्यावरील उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या आश्रयाने वावरणाऱ्या कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात मुख्यत्वे गुराबा आणि गलबते असत. अठराव्या शतकातील इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या वर्णनानुसार गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, १५० ते ३०० टनांची; गलबत त्याहून लहान, सुमारे ७० टनांपर्यंतचे, ४०-५० वल्ह्यांचे. वारा असता दोन्ही शिडांवर चालत. वारा पडला की गलबत वल्ह्यांनी पुढे सरके आणि गुराबेला गलबते ओढून नेत. हुकूम एकच, तो पाळण्याच्या रीती निराळ्या.

आता ‘जहाज’ असा मूळ वर्ग कल्पिला, तर त्यात ‘चालणे’ या कृतीचे नाव येईल. रीत कोणती लिहावी? नुसते ‘जहाज’ कोणत्याही गोदीत कधी बांधले गेले नाही. तेथे शिडाची रीत लिहून ठेवली असती, तर पुढे आलेल्या आगबोटीलाही ती वारशाने मिळाली असती आणि प्रोग्रॅम विनातक्रार चुकीचे उत्तर देत राहिला असता. रीत कोरी ठेवणे हेच येथे शहाणपणाचे.

‘वारसा’ या शब्दानेही थोडा घोटाळा होतो. १७२९ मध्ये कान्होजींचे निधन झाल्यावर पुत्रांत कलह होऊन आरमार विभागले गेले आणि दुबळे झाले. प्रोग्रॅममधील वारसा कितीही उपवर्गांत गेला तरी उणा होत नाही. तेथील अडचण उलट आहे : नको असलेली मालमत्ताही गळ्यात पडते.

सिम्युलात कोरी राहिलेली कृती पुरविण्याचे विसरले, तर दोष प्रोग्रॅम चालू असताना उघड होई. बेल लॅबोरेटरीजमध्ये ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ पासून सिम्युलाच्या प्रेरणेने जी भाषा रचली, त्या सी प्लस प्लसच्या १९८९ मधील दुसऱ्या आवृत्तीत अमूर्त वर्ग रीतसर आला. आता कृती अपुरी ठेवलेल्या वर्गाची वस्तू निर्माण करण्यास कंपायलरच नकार देऊ लागला. बांधिलकीला स्वतंत्र स्थान मिळण्यास अशी बावीस वर्षे लागली. १९९५ मध्ये जाहीर झालेल्या जावाने आणखी पुढे जाऊन केवळ बांधिलकी सांगणारा ‘इंटरफेस’ वेगळा काढला. वर्गाला जनक एकच, इंटरफेस मात्र हवे तितके. पण २०१४ मधील आठव्या आवृत्तीत जुने प्रोग्रॅम न मोडता इंटरफेसमध्ये नव्या कृती घालण्याची निकड भासली, आणि जावाने तेथेही तयार रीत लिहून ठेवण्याची मुभा दिली.