लिनक्समधील नेटवर्क वाहतूक नियमन

नेटवर्क वाहतूक नियमन म्हणजे इंटरनेटच्या एकाच जोडणीवरून जाणाऱ्या पॅकेटांचा वेग व क्रम ठरवून देण्याची पद्धत होय. लिनक्स प्रणालीच्या कर्नेलमध्येच ही सोय असून ती ‘टीसी’ या आज्ञेद्वारे वापरली जाते. अनेक जण एकच जोडणी वापरत असताना व्हिडिओ अडखळू नये, हा तिचा एक प्रमुख उपयोग आहे.

गरज

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद होऊन वर्ग मोबाइलवर भरू लागले, तेव्हा आवाज तुटण्याचा व चित्र थिजण्याचा अनुभव घरोघरी आला. दोष बहुधा जोडणीच्या कमी वेगाला दिला जातो. परंतु पुष्कळदा खरे कारण मोडेममध्ये साचलेली रांग हे असते. पाठवण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असताना कोणी मोठी फाइल पाठवू लागले आणि २५० किलोबाइटांची रांग साचली, तर तिच्या शेवटी आलेले आवाजाचे पॅकेट एक सेकंद खोळंबते. संभाषणात एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. आधी चित्रित केलेला व्हिडिओ पुढचा काही भाग साठवून ठेवत असल्याने त्याला एवढी घाई नसते. प्राधान्याची खरी गरज थेट संवादाला आहे.

कार्यपद्धती

भंडारा जिल्ह्यातील मामा तलावांचे पाणी कोणाला किती सोडायचे, हे पाळीवरील दाराशीच ठरवता येते. पुढे शेतात शिरलेल्या पाण्यावर हुकूम चालत नाही. येथेही तसेच आहे. रांग मोडेममध्ये न साचता लिनक्सच्या ताब्यात राहावी म्हणून वेगाची मर्यादा प्रत्यक्षापेक्षा किंचित कमी, म्हणजे १० मेगाबिटांच्या जोडणीवर सुमारे ९, ठेवतात. ही पायरी गाळली तर पुढील सर्व मांडणी निष्फळ ठरते.

मर्यादेतील वाटणी ‘एचटीबी’ या पद्धतीने होते. मार्टिन देवेरा यांनी रचलेली ही पद्धत २००२ मध्ये कर्नेलच्या २.४.२० या आवृत्तीत आली. ९ मेगाबिटांपैकी ४ थेट संवादाला, ४ इतर वापराला व १ मोठ्या फाइलींना असे हमीचे वाटे करता येतात. एखाद्याचा वाटा रिकामा असल्यास दुसरा तो उसना घेतो. कोणत्याही वर्गात न बसणाऱ्या पॅकेटांसाठी मूळ वर्ग नेमून द्यावा लागतो, अन्यथा ती मर्यादा न पाळता निघून जातात. नवशिक्यांची चूक बहुधा येथेच होते.

व्हिडिओ ओळखायचा कसा, हा अवघड भाग. मजकूर कूटबद्ध असल्याने आत डोकावता येत नाही. पॅकेटाच्या शीर्षातील सहा बिटांची ‘डीएससीपी’ खूण, पोर्ट क्रमांक किंवा उपकरणाचा पत्ता यांवर विसंबावे लागते. आवाजासाठी ४६ व व्हिडिओ संवादासाठी ३४ ही मूल्ये रूढ आहेत. मात्र सर्वच ॲप ती लावत नाहीत.

बाहेरून येणारी पॅकेटे ‘आयएफबी’ या आभासी उपकरणाकडे वळवून त्यांचे नियमन केले जाते. २०१८ मध्ये ४.१९ या आवृत्तीत आलेल्या ‘केक’ पद्धतीत मर्यादा, वाटणी व रांगेची लांबी हे सर्व एकत्र साधत असल्याने घर वा लहान शाळेसाठी तीच सोयीची आहे.

मर्यादा

प्राधान्याने जोडणीची क्षमता वाढत नाही. एकाला पुढे सोडले की दुसरा मागे राहतोच. मोबाइल जोडणीचा वेग सतत बदलत असल्याने तेथे ठरावीक आकडा उपयोगी पडत नाही. ‘टीसी’ने केलेली मांडणी संगणक पुन्हा सुरू केल्यावर पुसली जाते, म्हणून ती आरंभीच्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवतात. भारतात २०१८ मध्ये परवान्यांच्या अटींत आणलेले नेट समानतेचे बंधन सेवापुरवठादारांवर आहे. ग्राहकाने स्वतःच्या राउटरवर केलेल्या वाटणीला ते लागू होत नाही.