उड्डाण प्रशिक्षण : जमिनीवरील सुरक्षा

नवी दिल्ली - १९२८ मध्ये स्थापन झालेल्या दिल्ली फ्लाइंग क्लबने सफदरजंग विमानतळावर अनेक दशके वैमानिक घडविले. २००१ नंतर सुरक्षेच्या कारणास्तव तेथील प्रशिक्षण उड्डाणे थांबली. मात्र प्रशिक्षणातील धोका केवळ आकाशात नसतो, हा धडा सर्वच धावपट्ट्यांना लागू आहे.

वेगाने फिरणारा विमानाचा पंखा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. इंजिन बंद असले तरी मॅग्नेटोच्या तारेत बिघाड असल्यास हाताने पंखा फिरविताच ठिणगी पडून ते सुरू होऊ शकते. म्हणूनच उभ्या विमानाचा पंखाही चालू असल्याचे समजूनच वावरावे, अशी शिकवण दिली जाते.

पंखा जमिनीला घासल्यास वाकलेले पाते दिसते. क्रँकशाफ्टला गेलेली भेग दिसत नाही. त्यासाठी इंजिन उघडून तपासावे लागते. विमान आदळत उतरल्यास पुढच्या चाकाचा दांडा आणि इंजिनामागील अग्निरोधक पत्रा यांना इजा पोहोचू शकते.

विमान अपघातांच्या तपासासाठी देशात २०१२ मध्ये स्वतंत्र ब्यूरो स्थापन झाला. तथापि, पहिली नोंद प्रशिक्षणार्थीनेच करावयाची असते. शिक्षेच्या भीतीने लपविलेला किरकोळ धक्का त्याच विमानातून पुढे उड्डाण करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.