समुद्र नाही, तरी चंद्रपूर-गडचिरोलीत खेकडे येतात कुठून?

खेकडा म्हटलं की डोळ्यांसमोर कोकणातली वाळू येते. पण पहिला पाऊस पडला की गडचिरोलीच्या नाल्यांत आणि चंद्रपूरच्या धानाच्या बांध्यांतही खेकडे दिसू लागतात. समुद्र तर शेकडो किलोमीटर लांब. मग हे येतात कुठून?

उत्तर सोपं आहे. ते इथलेच आहेत.

किनाऱ्यावरचा खेकडा वाळूत बीळ करून राहतो, पण अंडी फुटायच्या वेळी मादीला समुद्राच्या पाण्यात जावंच लागतं. अंड्यांतून बारीक अळ्या निघतात, पाण्यावर तरंगत वाढतात आणि मग खेकडा होतात.

गोड्या पाण्यातल्या खेकड्याला समुद्र लागतच नाही. अळीची अवस्था अंड्यातच पार पडते. मादी मोजकी, पण मोठी अंडी पोटाखाली धरून ठेवते. त्यांतून थेट इवलासा खेकडा बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या पोटालाच चिकटून राहतो. जगात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या १,३०० हून जास्त जाती आहेत.

मग उन्हाळ्यात ते जातात कुठे? खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो आणि कल्ले ओले राहावे लागतात. म्हणून नाला आटला की तो ओल लागेपर्यंत खोल बीळ करून आत बसतो.

हीच बिळं शेतकऱ्याची डोकेदुखी ठरतात. धुऱ्याला भोक पडलं की बांधीतलं पाणी निघून जातं. २०१९ मध्ये रत्नागिरीतलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं आणि टीकेची झोड उठली. धुरा पोखरणं वेगळं आणि धरण फुटणं वेगळं!

खाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या खेकड्यातून फुप्फुसाचा कृमी शरीरात जाऊ शकतो. खोकला आणि थुंकीतून रक्त अशी लक्षणं असल्यामुळे तो आजार टीबी समजला जातो. मणिपूरसह ईशान्य भारतात असे रुग्ण आढळलेत. त्यामुळे रस्सा नीट उकळू द्या.

आणि शेवटचं. समुद्रातली अळी वाहत जाऊन नवा किनारा गाठते. नाल्यातला खेकडा तसा लांब जात नाही. मासे मारायला एखाद्या नाल्यात कीटकनाशक ओतलं आणि तिथले खेकडे संपले, तर ते पुन्हा यायला कित्येक पावसाळे लागू शकतात.