भांडणांच्या कागदांतलं मद्रास

मे १६७७. शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर, जिंजीच्या वाटेवर होते. त्यांचा एक ब्राह्मण आणखी दोन माणसांसह मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात पत्र घेऊन आला. मागणी साधीच होती. विषावर उतारा म्हणून वापरतात ते खडे आणि काही शक्तिवर्धक औषधं हवी होती, आणि त्यांची किंमत द्यायची तयारी होती. गव्हर्नर विल्यम लँगहॉर्न आणि त्याच्या कौन्सिलनं ठरवलं की एवढ्याशा गोष्टीचे पैसे घ्यायचे नाहीत. औषधं गेली, सोबत मद्रासच्या बागांतली फळं गेली, आणि आलेल्या ब्राह्मणाला तीन वार बनात व थोडं चंदन मिळालं. दिवसेंदिवस बलाढ्य होत चाललेल्या या राजाची मैत्री ईस्ट इंडिया कंपनीच्या कामाची आहे, हे कारणही नोंदवहीत लिहून ठेवलं गेलं. पुढे त्याच वर्षी महाराजांनी किल्ल्यांच्या कामातले जाणकार इंजिनिअर मागितले, तेव्हा मात्र कौन्सिलनं गोड शब्दांत नकार दिला.

आपण ही नोंद महाराजांसाठी वाचतो, आणि ते स्वाभाविक आहे. मीही तशीच वाचत आलो. मग एकदा लक्ष त्या जिनसांकडे गेलं. बनात विलायतेहून आलेली, चंदन म्हैसूरकडच्या रानातलं, विषावरचे खडे समुद्रापारच्या व्यापारातले. मागणी आली आणि हे सगळं एका गावात हाताशी होतं. त्या गावाच्या जागी अडतीस वर्षांपूर्वी वाळू आणि कोळ्यांची वस्ती होती.

२२ ऑगस्ट १६३९ ला दामर्ला वेंकटाद्री नायकानं ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे याला किनाऱ्याची ही पट्टी दिली आणि तिथे नाणी पाडायचा हक्कही दिला. पुढच्या वर्षी किल्ल्याचं काम सुरू झालं. नायकाच्या वडिलांचं नाव चेन्नप्पा. वस्तीला चेन्नपट्टणम म्हणू लागले ते त्यांच्यावरून. बंदर म्हणावं असं इथे काहीच नव्हतं. जहाजं खोल पाण्यात नांगरायची आणि माल किनाऱ्यावर आणायचे मसुला होडीवाले. या होडीत खिळा नसे. फळ्या काथ्यानं एकमेकींना शिवलेल्या असत, त्यामुळे लाटेचा तडाखा बसला की होडी फुटण्याऐवजी वाकायची. चांदीच्या पेट्या, कापडाचे गठ्ठे, नवा गव्हर्नर, सगळं याच शिवलेल्या होडीतून मुक्कुवार नावाड्यांच्या हाती जीव देऊन ये-जा करायचं. ईशान्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत, जहाजं हा किनारा टाळत. वर्षाचं सगळं वेळापत्रक या वाऱ्यावर बसवलेलं असे.

मद्रासच्या कंपनीचे १६७० पासूनचे कागद आज एग्मोरच्या पुराभिलेखागारात आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांतल्या नोंदवह्या छापल्या गेल्या, आणि हेन्री डेव्हिडसन लव्ह यानं जुन्या कागदांवरून बांधलेला मद्रासचा मोठा इतिहास १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे कागद वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. ते शहराचं वर्णन करण्यासाठी लिहिलेले नाहीत. ते कापडासाठी लिहिलेले आहेत. किती गठ्ठे गेले, आगाऊ रक्कम कुणाला दिली, माल नमुन्याबरहुकूम उतरला की नाही, यांचा तो हिशेब आहे. विणकर, धोबी, रंगारी, नावाडी रोज खपत होते, पण ते खपत असताना लेखणी त्यांच्यासाठी थांबत नाही. ते काम टाकतात, गाव सोडतात, एकमेकांच्या मिरवणुका अडवतात, त्या दिवशी त्यांच्यासाठी पानंच्या पानं भरतात. म्हणून माझं म्हणणं असं की या शहराचं रोजचं जगणं शोधायचं तर त्याची भांडणं वाचावीत.

आधी पेठा समजून घेऊ. पेठ हा शब्द तमिळमध्ये पेट्टै होतो, आणि मद्रासचा नकाशा आपल्याला पुण्याच्या नकाशासारखाच वाचता येतो. समुद्राकाठी किल्ला आणि त्याच्या तटाआड गोऱ्यांची वस्ती. तिच्या उत्तरेला लागून देशी लोकांचं गाव, ज्याला इंग्रज ब्लॅक टाउन म्हणत. मधोमध बाजार, चावडी आणि चेन्नकेशवाचं देऊळ. चावडी ही आपलीच चावडी. जकात तिथे जमा होई आणि किरकोळ तंटे तिथेच निकालात निघत. गावाची राखण पेद्द नायकाकडे होती, हिशेब कणक्कपिळ्ळैकडे, आणि साहेब व व्यापारी यांच्यामध्ये दुभाष उभा. या गावापलीकडे पेद्दनायकनपेट आणि मुत्यालपेट या दोन मोठ्या पेठा. आणखी उत्तरेला वण्णारपेट्टै, म्हणजे धोब्यांची पेठ. पैशाचा व्यवहार होनांत चाले. इंग्रज होनाला पगोडा म्हणत. एका होनाचे ३६ फणम आणि एका फणमाच्या ८० कास. होन सावकाराच्या थैलीत असे. धोब्याच्या हाती कास पडे.

आता कापडाचं एक ठाण हातात घेऊ. सतराव्या शतकात कंपनी थेट विणकराला भेटत नसे. मधे मोठे व्यापारी होते. आधी बेरी तिम्मण्णा, मग कासी वीरण्णा. कंपनी वीरण्णाला आगाऊ रक्कम देई, ती त्याच्या माणसांकडून गावोगावच्या मागांपर्यंत झिरपत जाई, आणि काही महिन्यांनी कोरं कापड मद्रासला येई. त्याचा कस पुंजमावर मोजत. १२० ताण्यांचा एक पुंजम, आणि जितके पुंजम जास्त तितकं कापड दाट. मग ते वण्णारपेट्टैत धोब्यांकडे जाई. तिथे गोडं पाणी होतं आणि कापड पसरायला मोकळी जागा होती. धुवायचं, उन्हात टाकायचं, परत भिजवायचं, असं करत कोऱ्याचं पांढरं होई. त्यानंतर कुंदी. घडी घातलेल्या कापडावर लाकडी मोगऱ्यांनी ठोकत राहायचं, धागे दबून तकाकी येईपर्यंत. कुंदी करणारे वेगळे, धोबी वेगळे. शेवटी किल्ल्यात निवड होई. ठाण नमुन्याशेजारी धरायचं, बोटांनी चाचपायचं आणि प्रत ठरवायची. प्रत एका पायरीनं खाली गेली की तो तोटा मागे मागे सरकत शेवटी मागावर बसलेल्या माणसापर्यंत पोचे.

वीरण्णा १६८० च्या मार्चमध्ये वारला. किल्ल्यावरून त्याच्यासाठी तोफा डागल्या गेल्या. असा मान इथल्या कुठल्या देशी माणसाला सहजी मिळत नसे. त्याच्या मागे सती जायला निघालेल्या बाईला गव्हर्नर स्ट्रेनशॅम मास्टरनं जाऊ दिलं नाही. कंपनीच्या चोख हिशेबी वहीत एक जळायला निघालेली बाई अशी एका वाक्यात येते आणि जाते. ते वाक्य वाचून पुढचं पान उलटणं मला जड जातं.

त्याच १६८० मध्ये छीट रंगवणारे आणि इतर कारागीर गाव सोडून दक्षिणेला सान थोमेत जाऊन बसले. सान थोमे म्हणजे मैलापूरजवळची जुनी पोर्तुगीज वस्ती, चालत जाता येईल इतकी जवळ आणि कंपनीच्या हुकमाबाहेर. मद्रासच्या कष्टकऱ्यांचं हे हत्यार पुढेही चालत राहिलं. हत्यार उचलायचं नाही, दंगा करायचा नाही, नुसतं उठून जायचं. धोबी गेले तर कापड कोरंच पडून राही. नावाडी गेले तर भरलेलं जहाज समोर दिसे आणि त्याच्यापर्यंत पोचता येत नसे. १६८६ च्या जानेवारीत घरपट्टीवरून पुन्हा ठिणगी पडली. दुकानं बंद, बाजार ओस, जातींचे मुखिया किल्ल्यात बोलावलेले, आणि घरं पाडण्याच्या धमक्या. गावाचा संसार कशावर चालतो ते या बंदच्या नोंदींतून दिसतं. बाजार मिटला की तांदूळ कुणाच्या हातून येतो, सरपण कोण आणतं, पाणी कोण भरतं, हे साहेबांनाही कळे.

दोन वर्षांनी, सप्टेंबर १६८८ मध्ये, मद्रासला महापौर आणि बारा आल्डरमन असलेली नगरपालिका मिळाली. आल्डरमनांत इंग्रजांबरोबर हिंदू, पोर्तुगीज आणि ज्यूही होते. कागदावर ती फार देखणी दिसते. गावाची खरी ओढाताण मात्र दुसऱ्याच रेषेवर होती.

तमिळ देशात तेव्हा जातींचे दोन गट मानले जात, वलंगै म्हणजे उजव्या हाताचे आणि इडंगै म्हणजे डाव्या हाताचे. कोमटी व्यापारी उजवीकडे. बेरी चेट्टी आणि सोनार-सुतार-लोहार हे पांचाळ डावीकडे. वाद कशावरून होत? लग्नाच्या मांडवाला किती खांब, नवरदेव घोड्यावर बसेल का, छत्री कुणी धरायची, आणि वरात कुठल्या गल्लीतून जाईल. आपल्याला हे क्षुल्लक वाटेल. तसं मानू नये. ज्या गल्लीतून वरात जाते ती गल्ली कुणाची, असा तो प्रश्न होता, आणि व्यापाराच्या गावात गल्ली म्हणजे दुकान, वखार आणि पत.

१७०७ मध्ये वरातींवरून हा वाद इतका चिघळला की गव्हर्नर थॉमस पिटला मधे पडावं लागलं. पेद्दनायकनपेट उजव्यांना, मुत्यालपेटेच्या गल्ल्या डाव्यांना, अशी वाटणी झाली आणि हद्दीवर दगड रोवले. उजव्यांना ती पटली नाही आणि त्यांतले पुष्कळजण सान थोमेला निघून गेले. त्यांना परत आणायला पिटला बरीच बोलणी करावी लागली. याच पिटच्या हुकमावरून मद्रासची मोजणी होऊन नकाशा निघाला. त्यातल्या सरळ गल्ल्या पाहताना या वराती आठवल्या पाहिजेत. शहर आखलं ते मोजणीदारानं, पण त्याच्या आधी ते वरातींनी आखून झालं होतं. आजही तंबू चेट्टी, लिंगी चेट्टी ही गल्ल्यांची नावं जुन्या मुत्यालपेटेतच आहेत. कालिकांबाळचं देऊळ तंबू चेट्टी गल्लीत आहे, आणि ते विश्वकर्मा म्हणजे पांचाळांचं. महाराज ३ ऑक्टोबर १६७७ ला इथे दर्शनाला आले होते असं तिथे सांगतात. मी त्याला इतिहास म्हणणार नाही, परंपरा म्हणेन, आणि आदरानं म्हणेन.

मुत्यालपेटेतच पवळक्कार तेरू आहे, पोवळेवाल्यांची गल्ली. भूमध्य समुद्रातलं पोवळं ज्यू व्यापारी इथे आणत आणि बदल्यात हिरे नेत. जवळच आर्मेनियन गल्ली. तिथल्या ख्वाजा पेत्रुस उस्कान यानं १७२६ मध्ये अड्यार नदीवर स्वतःच्या पैशानं पूल बांधून दिला.

१७३४ मध्ये गव्हर्नर जॉर्ज मॉर्टन पिटनं कूम नदीच्या वळणावर सुंकू राम या व्यापाऱ्याची बाग घेऊन खास विणकरांची पेठ वसवली, चिन्न तरी पेट्टै, म्हणजे लहान मागांची पेठ. आजचं चिंताद्रिपेट. घर बांधायला उचल, मागाला जागा, शेजारी सूत कातणारे, रंगारी, धोबी आणि मधे देऊळ. दूरच्या गावांतून कापड महाग पडत होतं, म्हणून विणकरच हाताशी आणून बसवायचे, असा तो हिशेब. दया त्यात नव्हती, पण सावली होती, पाणी होतं, आणि विणकराला ते लागतंच.

मग मराठेही आले, या वेळी पत्र घेऊन नव्हे. मे १७४० मध्ये दामलचेरीच्या घाटात रघूजी भोसल्यांच्या फौजेनं अर्काटचा नवाब दोस्त अली याला मारलं आणि सगळा किनारा धास्तावला. मद्रास वाचलं. १७४६ मध्ये मात्र ते फ्रेंचांच्या हाती पडलं. किल्ल्यासमोर मोकळं मैदान हवं म्हणून फ्रेंचांनी जुन्या ब्लॅक टाउनची घरं पाडायला सुरुवात केली. १७४९ मध्ये गाव परत मिळाल्यावर त्याच कारणासाठी उरलेली इंग्रजांनी पाडली. पेद्दनायकनपेट आणि मुत्यालपेट हेच मग नवं ब्लॅक टाउन झालं, आणि विसाव्या शतकात त्याचं जॉर्ज टाउन. पाडलेल्या जागेवर पुन्हा कुणी बांधू नये म्हणून १७७३ मध्ये हद्दीचे सहा खांब उभे केले. त्यांतला एक पॅरीज कॉर्नरला रहदारीच्या कडेला अजून आहे. वीरण्णाच्या काळातलं गाव आजच्या उच्च न्यायालयाच्या आणि जुन्या लॉ कॉलेजच्या आवाराखाली आहे. लॉ कॉलेजच्या आवारात गव्हर्नर येलच्या चिमुकल्या मुलाची कबर उभी आहे. बाकीच्या कबरींचे दगड किल्ल्यातल्या सेंट मेरी चर्चभोवती फरशीसारखे पसरले आहेत. त्यांवर इंग्रजी, पोर्तुगीज, लॅटिन आणि आर्मेनियन अक्षरं आहेत.

तिथून चालत सावकारपेठेत येता येतं. तमिळ फलकावर सौकारपेट्टै. अरुंद गल्ल्यांत मारवाडी-गुजराती पेढ्या, आणि त्यांच्याआड सोनं-चांदी गाळणारी आपली विटा-आटपाडीकडची गलाई मंडळी. भट्टीच्या धगीत मराठी कानावर पडते.

थोडं पुढे देवराज मुदली गल्लीत, फुलबाजाराजवळ, चेन्नकेशव आणि चेन्नमल्लीश्वर ही जोड देवळं आहेत. जुन्या गावातलं देऊळ १७५७ मध्ये तटबंदीसाठी पाडलं, तेव्हा लोकांच्या आग्रहावरून कंपनीनं ही जागा दिली, आणि मणली मुत्तुकृष्ण मुदलीनं पुढाकार घेऊन ही देवळं उभी केली. आसपासचे लोक आजही याला पट्टणम कोविल म्हणतात, गावाचं देऊळ. संध्याकाळी फुलवाल्या बायका गजरे मोजून देतात, वार नाही, हातानं, कोपरापासून बोटांपर्यंत, एक मुळम.