इंग्रजी सर्वनामांची घडण आणि मराठी विद्यार्थ्याची अडचण

मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या वह्या तपासताना सर्वनामांच्या काही ठरावीक चुका पुनःपुन्हा आढळतात. 'वडील गावाहून आले. ते उद्या परत जातील' या वाक्याचे भाषांतर करताना विद्यार्थी 'ते' या शब्दासाठी निःशंकपणे 'दे' हे अनेकवचन योजतो. 'तो आपल्या भावाला घेऊन गेला' आणि 'तो त्याच्या भावाला घेऊन गेला' या दोन वाक्यांतील भेद इंग्रजीत कसा दाखवावा, या विचाराने तो थबकतो. कारण तेथे दोहोंस एकच 'हिज्' आहे. एकाच माणसाला उद्देशून 'यू' म्हणताना क्रियापद अनेकवचनी 'आर' का, हा त्याचा प्रश्न तर बहुधा अनुत्तरितच राहतो. शिक्षक तांबड्या शाईने दुरुस्ती करतो आणि 'नियम असा आहे' एवढे सांगून पुढे जातो.

हा नियम आला कोठून, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. इंग्रजी सर्वनामांचे जे नियम आज पाठ्यपुस्तकात एकाच पानावर सारख्याच अधिकाराने छापलेले असतात, ते एकाच जातीचे नाहीत. काही नियम भाषा बोलणाऱ्या समाजाच्या व्यवहारातून शतकानुशतके घडत आले. काही मात्र व्याकरणकारांनी व विधिमंडळांनी ठरवून दिले. या दोहोंतील भेद ज्याला कळला नाही, त्याला सर्वनामे पाठ करता येतील, समजणार नाहीत.

प्रथम संज्ञेचाच विचार करू. 'सर्वनाम' ही पाणिनीय परंपरेतील संज्ञा 'सर्व' या शब्दापासून आरंभ होणाऱ्या एका गणाला दिलेली आहे. त्या गणात 'तद्', 'युष्मद्', 'अस्मद्' यांच्याबरोबर 'विश्व', 'अन्य', 'एक' असेही शब्द आहेत. कारण त्यांना एकत्र आणणारे सूत्र रूपप्रक्रियेचे आहे, अर्थाचे नव्हे. लॅटिन 'प्रोनोमेन' या संज्ञेचा अर्थ मात्र 'नामाऐवजी येणारा शब्द' असा आहे. दादोबा पांडुरंगांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर सिद्ध झाले आणि त्यापुढील शालेय परंपरेत संस्कृत संज्ञेच्या पोटी लॅटिन व्याख्या रूढ झाली. ही व्याख्या 'तो', 'ती', 'ते' यांस लागू पडते. 'मी' आणि 'तू' यांस पडत नाही. 'मी' हा शब्द कोणत्याही नामाऐवजी येत नाही. जो बोलतो त्याचा तो निर्देश करतो आणि वक्ता बदलला की निर्देशही बदलतो. एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९५६ मध्ये हाच भेद स्पष्टपणे मांडला. म्हणजे सर्वनाम ही केवळ शब्दांची काटकसर नसून बोलणारा, ऐकणारा व ज्याविषयी बोलले जाते तो, यांच्या परस्परसंबंधांची ती मांडणी आहे. हे संबंध समाजात बदलले की सर्वनामेही बदलतात. इंग्रजीचा इतिहास याची साक्ष देतो.

प्राचीन इंग्रजीत द्वितीय पुरुषाचे एकवचन 'थू' व अनेकवचन 'ये' अशी निरनिराळी रूपे होती. प्रथम व द्वितीय पुरुषांत द्विवचनही होते. ते तेराव्या शतकाच्या सुमारास लोपले. संस्कृतातील द्विवचन प्राकृतांत लोपले व म्हणून मराठीत ते उतरले नाही, हे आपल्या परिचयाचेच आहे. तृतीय पुरुषात पुल्लिंगी 'हे', स्त्रीलिंगी 'हेओ' आणि अनेकवचनी 'हिए' ही रूपे उच्चाराने परस्परांच्या इतकी निकट होती की, अंत्य स्वर क्षीण झाल्यावर काही बोलींत ती ओळखणे कठीण झाले. इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत स्कँडिनेव्हियन लोकांची वस्ती झालेली होती. त्यांच्या नॉर्स भाषेतून 'दे' हे अनेकवचनी सर्वनाम इंग्रजीत शिरले. इ. स. १२०० च्या सुमारास रचलेल्या 'ऑर्म्युलम' या ग्रंथात कर्त्याचे रूप नॉर्स वळणाचे आहे, परंतु कर्माचे रूप बहुधा जुनेच, 'हेम्'. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या लेखनातही 'दे' नवे आणि 'हेम्' जुने अशीच स्थिती दिसते. एखादी भाषा नामे उसनी घेते यात नवल नाही. परंतु इतके अंतरंगातील सर्वनाम परभाषेतून घेतले जावे, ही घटना विरळा होय. दोन समाज एकाच गावात, बहुधा एकाच घरात राहिल्यावाचून हे घडत नाही.

आता द्वितीय पुरुषाकडे वळू. तेराव्या शतकापासून फ्रेंच शिष्टाचाराच्या प्रभावाने एकाच श्रेष्ठ व्यक्तीस अनेकवचनाने संबोधण्याची रीत इंग्रजीत आली. मराठीतील 'तू' आणि 'तुम्ही' यांच्यासारखीच ही जोडी: कनिष्ठास व जिव्हाळ्याच्या माणसास 'दाऊ', श्रेष्ठास 'यी' किंवा 'यू'. सोळाव्या शतकात कर्त्याचे 'यी' मागे पडून कर्माचे 'यू' त्याच्या जागी आले. सर वॉल्टर रॅली यांच्यावर १६०३ साली राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक याने त्यांना भर न्यायालयात हेतुपुरस्सर 'दाऊ' म्हणून हिणविले. एका सर्वनामाने माणसाची पायरी उतरविता येत असे, याचे हे ठळक उदाहरण होय.

याच सर्वनामाचा क्वेकर पंथीयांनी अगदी उलट उपयोग केला. ईश्वरासमोर सर्व माणसे सारखी असल्यामुळे एका व्यक्तीस अनेकवचनाने गौरविणे हे असत्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जॉर्ज फॉक्स याने दोन सहकाऱ्यांसह १६६० मध्ये एकवचन व अनेकवचन यांचा भेद शिकविणारा एक मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. न्यायाधीशासही 'दाऊ' म्हणणाऱ्या या लोकांना त्यापायी मारहाण आणि अवहेलना सोसावी लागली. तथापि समाजाने समतेचा मार्ग निराळाच स्वीकारला. सर्वांना खाली आणून 'दाऊ' म्हणण्याऐवजी सर्वांना वर नेऊन 'यू' म्हणण्याची रीत रूढ झाली आणि अठराव्या शतकापर्यंत प्रमाण इंग्रजीच्या नित्य व्यवहारातून 'दाऊ' जवळजवळ नाहीसे झाले. ते उरले काही बोलींत, काव्यात आणि प्रार्थनेत. १६११ च्या बायबलच्या भाषांतरात 'दाऊ' हे निव्वळ एकवचन म्हणून योजिले होते. पुढे व्यवहारातून ते गेल्यावर, केवळ प्रार्थनेत ऐकू येते म्हणून, ते अत्यंत आदराचे रूप असावे असा समज पसरला. मराठी विद्यार्थ्यालाही अनेकदा तसेच वाटते. परंतु वारकरी विठ्ठलाला 'तू' म्हणतो ते आदर कमी म्हणून नव्हे, किंवा 'तू' हे आदरार्थी रूप आहे म्हणूनही नव्हे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा इतिहास समजावयास अडचण पडू नये.

या इतिहासातून वर्गातील एका प्रश्नाचे उत्तर मिळते. आपण 'यू' म्हणजे 'तू' असे शिकवितो. वास्तविक इंग्रजीने 'तू' टाकला आणि 'तुम्ही' ठेवला. 'तुम्ही आहात' या प्रयोगात व्यक्ती एक असली तरी क्रियापद अनेकवचनी, तसेच 'यू आर' मध्ये आहे. अठराव्या शतकात एका व्यक्तीस उद्देशून 'यू वॉज' असा प्रयोग इंग्रज लोक सर्रास करीत. रॉबर्ट लाउथ याने आपल्या १७६२ च्या व्याकरणात त्याचा निषेध केला. यावरून, आपला विद्यार्थी ज्या तर्काने अडखळतो त्याच तर्काने खुद्द इंग्रजही एके काळी चालत होते, हे उघड होते. गुरुजनांना 'यू' म्हणावयास संकोच वाटून प्रत्येक वाक्यात 'सर' घालणाऱ्या विद्यार्थ्यालाही एवढे सांगणे पुरे आहे की, हे सर्वनाम मुळात आदराचेच आहे. आदर सर्वांना सारखाच वाटला गेल्यामुळे तो आता दिसेनासा झाला आहे.

द्वितीय पुरुषातील बदल असा समाजव्यवहारातून घडला. तृतीय पुरुषात मात्र शास्त्याचा हात दिसतो. 'कोणीही', 'प्रत्येक जण' अशा लिंग अनिश्चित असलेल्या शब्दांपुढे एकवचनी अर्थाने 'दे' योजण्याची रीत चौदाव्या शतकापासून लिखित इंग्रजीत आढळते. अठराव्या शतकातील व्याकरणकारांना ती वचनदृष्ट्या अशुद्ध वाटली. त्यांनी अशा ठिकाणी पुल्लिंगी 'ही' वापरावे व त्यात स्त्रियांचाही समावेश समजावा, असा दंडक घातला. या दंडकास ब्रिटिश पार्लमेंटने १८५० च्या एका कायद्याने विधिरूप दिले: विरुद्ध तरतूद नसेल तर कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश मानावा.

हा समावेश कितपत खरा होता? १८६७ च्या मताधिकार विधेयकातील 'पुरुष' या शब्दाऐवजी 'व्यक्ती' हा शब्द घालावा, अशी सूचना जॉन स्टुअर्ट मिल यांनी मांडली. ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी फेटाळली गेली. पुढील वर्षी मँचेस्टरच्या स्त्रियांनी १८५० च्या कायद्याच्या आधारे मताधिकार मागितला. न्यायालयाने तो नाकारला. मताधिकाराच्या प्रश्नात पुल्लिंगी शब्दाने पुरुषच अभिप्रेत ठरला.

हाच वाद पुढे भारतातही उपस्थित झाला, कारण येथील कायद्यांची भाषा इंग्रजी होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या आठव्या कलमात 'ही' हे सर्वनाम पुरुष वा स्त्री, कोणाही व्यक्तीविषयी योजिले आहे, असे स्पष्ट म्हटले होते. १८९७ च्या सामान्य परिभाषा अधिनियमाने हे तत्त्व इतर केंद्रीय कायद्यांसही लावले. असे असता रेजिना गुहा या विधि पदवीधर महिलेने १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात वकिलीसाठी नोंदणी मागितली, तेव्हा १८७९ च्या कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत स्त्रीचा समावेश होत नाही, असा निर्णय झाला. सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज पाटणा उच्च न्यायालयानेही १९२१ मध्ये अमान्य केला. त्याच वर्षी अलाहाबादच्या न्यायालयाने मात्र कॉर्नेलिया सोराबजी यांना वकील म्हणून नोंदवून घेतले. नाशिक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या आणि १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या या विदुषीला तेथवर पोहोचण्यास एकोणतीस वर्षे लागली. अखेर १९२३ च्या स्वतंत्र कायद्याने स्त्रियांच्या वकिलीचा मार्ग निर्वेध झाला. म्हणजे शिक्षा भोगण्यासाठी जी स्त्री 'ही' होती, तीच वकिली करण्यासाठी 'ही' नव्हती. ज्या नियमाला व्याकरणकार तर्कशुद्ध म्हणत होते, त्याचा अर्थ प्रसंगी कोण लावतो यावर एका व्यक्तीचे आयुष्य अवलंबून राहिले.

या नियमाचा पुढील प्रवास अद्याप चालू आहे. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत 'ही' या सर्वनामाच्या कक्षेत पुरुष व स्त्री यांच्यासह तृतीयपंथी व्यक्तींचाही स्पष्ट उल्लेख आहे. दुसरीकडे, अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०१९ च्या आपल्या लेखनपुस्तिकेत एकवचनी 'दे' मान्य केले. अठराव्या शतकात अशुद्ध ठरविलेला प्रयोग असा पुन्हा शुद्ध ठरत आहे. त्याचे क्रियापदही अनेकवचनीच राहते. 'यू'ने चोखाळलेली वाट 'दे'ही चोखाळीत आहे.

आता आरंभीच्या वहीकडे परत येऊ. वडिलांसाठी 'दे' लिहिणारा विद्यार्थी अज्ञानी नाही. तो मराठीचा आदरार्थी अनेकवचनाचा नियम काटेकोरपणे पाळतो आहे. इंग्रजीने हे अनेकवचन द्वितीय पुरुषात स्वीकारले, तृतीय पुरुषात स्वीकारले नाही. तेथे एका व्यक्तीविषयीचे 'दे' आदरासाठी येत नाही, व्यक्ती अनिश्चित असेल, किंवा तिने स्वतःसाठी ते सर्वनाम स्वीकारले असेल, तर येते. एवढे सांगितले तर त्याची चूक सुधारते आणि मातृभाषेविषयी त्याच्या मनात न्यूनभावही निर्माण होत नाही. 'हिज्'ने 'आपल्या' व 'त्याच्या' यांतील भेद बुजतो, तेथे मराठीची मांडणी अधिक सूक्ष्म आहे, हेही सांगावे. तसेच, 'आपण' आणि 'आम्ही' या दोहोंस इंग्रजीत एकच 'वुई' पुरतो, हेही सांगावे.

म्हणून अध्यापकाने तांबडी शाई वापरण्यापूर्वी स्वतःस एक प्रश्न विचारावा: मी दुरुस्त करीत आहे ती भाषेच्या घडणीविरुद्ध झालेली चूक आहे, की कोणा एका काळच्या फर्मानाचा भंग? पहिलीचे कारण समजावून द्यावे. दुसऱ्याचा इतिहास सांगावा. सर्वनाम हा आकाराने लहान शब्द खरा; परंतु आपण कोणाला आपल्यात धरतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, हे ठरते ते त्याच्यातच.