शेवटच्या रांगेचा कान



इतिहासावर बोलायचे म्हणजे राजे, लढाया आणि तह ह्यांवर बोलायचे, असा एक समज आहे. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा राजांविषयी बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु ज्या वस्तूच्या आधाराने आम्ही तीस वर्षे सभा घेतल्या, आणि जी ह्या क्षणीही आमच्या तोंडापुढे उभी आहे, त्या माइकचा व त्याचा जोडीदार जो कर्णा त्याचा इतिहास सांगण्याचा हक्क आम्हांला आहे. त्या हक्काची किंमत आम्ही एकदा मोजली आहे. ती कशी, हे ओघाने येईल.

आरंभ एका छापखान्यातील कामगारापासून करू. बेंजामिन फ्रँकलिन हा मेणबत्त्या करणाऱ्याचा मुलगा. दहाव्या वर्षी त्याची शाळा सुटली व पुढे तो छापखान्यात उमेदवारीला लागला. 1739 साली जॉर्ज व्हाइटफील्ड नावाचा प्रवचनकार अमेरिकेत फिलाडेल्फियास आला. त्याचे प्रवचन हजारोंना ऐकू जाते असे लोक सांगत, आणि फ्रँकलिनला ते खरे वाटेना. तेव्हा प्रवचन चालू असतानाच तो रस्त्याने मागे मागे चालत गेला. जिथे शब्द कळेनासे झाले तिथे थांबून त्याने मनाशी एक अर्धवर्तुळ आखले, प्रत्येक श्रोत्याला दोन चौरस फूट जागा धरली आणि हिशेब केला. आकडा तीस हजारांच्या वर गेला. ह्या गोष्टीत आकड्यापेक्षा आम्हांला त्याचे मागे चालत जाणे अधिक मोलाचे वाटते. आवाजाची परीक्षा त्याने श्रोत्याच्या जागी जाऊन केली.

परंतु असे गळे विरळा. यंत्र येईपर्यंत पुढारीपणाचे पहिले भांडवल छाती आणि गळा हेच होते. आपल्याकडे शाहीर अमर शेखांच्या पहाडी आवाजाची आठवण जुने लोक अजून काढतात. ज्याला असा गळा नव्हता, ज्या बाईचा आवाज बारीक होता, ज्या म्हाताऱ्याला दम लागत होता, त्याच्याजवळ सांगण्याजोगे कितीही असले तरी मैदान त्याचे नव्हते.

ही स्थिती पालटली ती कॅलिफोर्नियात. पीटर जेन्सन हा डेन्मार्कहून गेलेला कारागीर आणि एडविन प्रिडम हा इंजिनिअर, ह्या दोघांनी चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे टांगले. आवाजाप्रमाणे चढउतरणारा विजेचा प्रवाह त्यातून सोडला की ते वेटोळे हलते, त्याला जोडलेला पडदा हलतो, आणि पुढे लावलेला कर्णा ती थरथर हवेत दूर फेकतो. 24 डिसेंबर 1915 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापुढे मोठ्या जमावाला त्यांनी हे यंत्र ऐकवले. त्याचे नाव मॅग्नाव्हॉक्स, म्हणजे लॅटिनमध्ये मोठा आवाज. 1919 च्या सप्टेंबरात अध्यक्ष विल्सन ह्यांनी सॅन दिएगोच्या क्रीडांगणात सुमारे पन्नास हजार लोकांपुढे ह्याच यंत्रातून भाषण केले. 1925 साली राइस आणि केलॉग ह्यांनी कागदी शंकूचा स्पीकर सिद्ध केला, आणि आजचे बहुतेक स्पीकर त्याच वंशातले आहेत. आपल्या देशात काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवण्याचे काम नानिक मोटवाने ह्यांनी अंगावर घेतले. गांधीजींच्या आणि नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत माइकवर 'शिकागो रेडिओ' अशी पाटी दिसते, ती ह्यांच्याच पेढीची. नाव परदेशी असले तरी पेढी आपल्याच माणसांची.

येथवरचा इतिहास विजयाचा आहे. आता पराजयाचा ऐका.

1996 साली ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात आमच्या युनियनचा करार होत आला होता. मंजुरीसाठी आम्ही फाटकावर सभा बोलावली. सामान आम्हीच ठरवले, आणि भाड्याने देणाऱ्याला एकच प्रश्न विचारला: "मशीन किती वॅटचे?" टेंपोच्या टपावर दोन कर्णे बांधले आणि त्यांच्याच पुढे माइक घेऊन आम्ही उभे राहिलो. कर्णा शिटी मारू लागला की आवाज कमी करायचा, मागचे ओरडले की वाढवायचा, असे चालले होते. त्या गदारोळात आम्ही वाचले की सात हंगामी कामगार कायम होतील. मागच्या रांगांनी ऐकले, साठ. हंगामी कामगार मागेच उभे होते आणि ते नेमके साठ होते. सर्वांनी हात वर केले. साठांतून सात गेले की त्रेपन्न उरतात, आणि दुसऱ्या दिवशी ते त्रेपन्न जण आमच्या कचेरीत आले. कागदावर सात लिहिले होते, वाचलेही सातच होते. पण त्यांच्या नजरेत आम्ही लबाड ठरलो, आणि कित्येकांच्या नजरेत अखेरपर्यंत तसेच राहिलो. कर्णेवाल्याकडे बोट दाखवून आम्ही सुटू शकलो नाही, सुटण्याचा अधिकारही नव्हता.

असे का झाले, हे समजून घेण्यासाठी आम्ही पुस्तके धुंडाळली. बोलण्यातला दणका स्वरांत असतो, परंतु अर्थ व्यंजनांत असतो. सात आणि साठ ह्यांत स्वर तोच. फरक शेवटच्या व्यंजनाचा. ही व्यंजने वरच्या पट्टीतली आणि अशक्त असतात. मशीन त्याच्या ताकदीपलीकडे ताणले की आवाज फाटतो आणि प्रथम व्यंजने बुडतात. म्हणजे माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द येत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम जाणवेल इतकाच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दसपट वॅट लागतात. तेव्हा केवळ वॅटवर मशीन निवडणे हे मीटर न पाहता वाराने कापड घेण्यासारखे आहे.

शिटीचे कारणही साधे आहे. कर्ण्याचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा कर्ण्यात जातो, आणि हे चक्र थांबत नाही. ह्यावर मोठा उपाय 1939 साली निघाला. अमेरिकेतील शुअर कंपनीच्या बेंजामिन बाउअर ह्यांनी एका बाजूनेच ऐकणारा युनिडाइन माइक बनवला. त्याच घराण्यातला एसएम58 हा 1966 पासून आजतागायत सभांतून व गाण्यांतून वापरला जातो. अशा माइकच्या ऐकण्याच्या क्षेत्राचा आकार विड्याच्या पानासारखा असतो. पुढून तो ऐकतो, देठाच्या बाजूला बहिरा असतो. म्हणून कर्णे वक्त्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून, आणि माइकची पाठ त्यांच्याकडे. वक्त्याने माइकची जाळी मुठीत आवळली की हे पान मिटते आणि शिटी परतते. दुसरे असे की, तोंडापासून चार बोटांवरचा माइक सोळा बोटांवर नेला, तर त्याला पोचणारी तीव्रता सोळाव्या हिश्श्यावर येते. ही तूट मशीनने भरून काढायची म्हणजे शिटीला आमंत्रण. जवळ बोलावे, हे सर्वांत स्वस्त यंत्र.

मैदान लांब असेल तर आणखी एक अडचण येते. विजेचा प्रवाह दूरच्या कर्ण्यात तत्काळ पोचतो, पण हवेतून आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटरच चालतो. सत्तर मीटर अंतरावरच्या दुसऱ्या कर्ण्याखाली उभा असलेला माणूस प्रत्येक शब्द दोनदा ऐकतो, मध्ये सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. दूरच्या कर्ण्याला तेवढा विलंब देणारी साधने आज मिळतात, आणि मोठ्या सभेला त्यांचे भाडे जरूर द्यावे. आणि कोणत्याही सभेत रात्री दहानंतर उघड्यावरचा कर्णा बंद ठेवावा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी तसे सांगितलेच आहे, आणि रात्रपाळी करून आलेला कामगार हाही शेजारीच असतो.

त्या सभेची नोंद असती तर निदान आम्ही काय वाचले हे तरी ऐकवता आले असते. म्हणून पुढे आम्ही एक कॅसेट टेपरेकॉर्डर घेतला. हीही एक लांब परंपरा आहे. 1928 साली फ्रिट्झ फ्लॉयमर ह्यांनी कागदाच्या पट्टीवर लोहचूर्ण बसवले. 1935 साली बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन यंत्र आले. आणि 1963 साली फिलिप्सने कॅसेट आणून ध्वनिमुद्रण सामान्य माणसाच्या खिशात टाकले. 1982 साली ब्रूस स्प्रिंगस्टीन ह्या अमेरिकन गायकाने कॅसेटवर चालणाऱ्या चार पट्ट्यांच्या यंत्रावर घरीच केलेले ध्वनिमुद्रण 'नेब्रास्का' ह्या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच 1982 च्या 18 जानेवारीस मुंबईत गिरणी संप सुरू झाला होता. त्या संपातली माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्या आठवणी आम्ही चाळीतल्या खोलीत मुद्रित करतो. भिंतीवर गोधड्या टांगाव्यात म्हणजे आवाज घुमत नाही. पंखा बंद करावा. माइक तोंडापासून एक वीतभर ठेवावा, आणि मोबाइल असला तरी हाच नियम. यंत्रात आवाज आपोआप कमीजास्त करण्याची सोय असेल तर ती बंद करावी. नाहीतर म्हातारा माणूस आठवत थांबला की यंत्र त्या शांततेत रस्त्याची मोटार मोठी करून ठेवते. आणि तो थांबला तर आपण बोलू नये.

2011 साली न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये जमलेल्या निदर्शकांना ध्वनिवर्धक वापरण्याची मोकळीक नव्हती. तेव्हा वक्त्याचे एकेक वाक्य पुढचे लोक मोठ्याने म्हणत आणि ते लाटेसारखे मागे जाई. त्यात एक गुण होता. वाक्य मागे काय पोचले, हे वक्त्याला त्याच क्षणी कळत होते. कर्ण्याने ही परतवाट बंद केली होती, आणि त्रेपन्न माणसांपुढे आम्ही उघडे पडलो ते तिथे.

आता आम्ही सभेला दोन माइक नेतो. एक व्यासपीठावर, दुसरा शेवटच्या रांगेत. सभेआधी एकजण पुढे करार वाचतो आणि आम्ही फ्रँकलिनसारखे मागे चालत जातो. आणि सभेत आकडा आला की आम्ही थांबतो. मागचा कामगार त्याच्या माइकवरून तो आकडा परत म्हणतो. त्याने म्हटला तोच आकडा कागदावर असेल, तरच हात वर करायला सांगतो.